सामनावीर इरफान शेख

इरफान शेखने गेल्या डिसेंबरात व्यावसायिक फुटबॉल सोडला. ते त्याच्या क्लबच्या लक्षात यायला महिना गेला.

तो उमरखेडचा, शाळेत माझ्या वर्गात होता. पुढे फॉरवर्ड म्हणून कोलकाता, गोवा, शिलाँग, बंगळुरू आणि पुन्हा कोलकाता, असे क्लब बदलत राहिला. करार बहुधा एका हंगामाचा असे. सामना संपत आला की त्याला मैदानात उतरवत, हंगाम संपला की सोडून देत. "फॉरवर्डले दोनच कामं रायतात," तो म्हणे, "गोल करनं अन् बॅग भरून ठेवनं." दुसऱ्या कामात त्याने कधी कसूर केली नाही.

क्लब बदलला म्हणजे बढती झाली, असे उमरखेडने परस्पर ठरवले होते. नवा करार झाला की क्रीडा मंडळाचे अध्यक्ष बाबाराव शाल, नारळ आणि माईक घेऊन हजर. एकदा इरफानने त्यांना बाजूला घेतले. "काका, जुन्या क्लबनं काढलं म्हनून नवा धरला. याच्यात सत्कार कायचा?"

बाबाराव तीन पक्ष फिरून आले होते. "काढल्याशिवाय मानूस पुढं जात नाही, बाबू," ते म्हणाले आणि माईककडे वळले.

सत्काराच्या शाली त्याचे वडील करीमभाई यांच्या गॅरेजात जात. ट्रॅक्टरखाली शिरताना ते त्या अंगाखाली अंथरत. मुलाला मैदानात खेळताना त्यांनी कधी पाहिले नव्हते. टीव्हीवर एकदा पाहिले, ते राखीव बाकावर. "बसायले तर इथंबी जागा होती," एवढेच ते बोलले.

जानेवारीत मंडळाने शाळेच्या मैदानावर इरफानसाठी निरोपाचा सामना ठेवला. त्याची एकच अट होती. "भाषणं नको, काका. अब्बानं मले खेळताना पायलं नाही. तेवढं होऊ द्या." बाबारावांनी शब्द दिला.

सामना दुपारी चारचा होता. करीमभाई शटर ओढून, धुतलेला सदरा घालून वेळेआधी पहिल्या रांगेत बसले. पाहुणे पाचच्या पुढे आले. मग प्रत्येक मंडळाने प्रत्येक पाहुण्याला हार घातला. भाषण नाही, फक्त दोन शब्द, असे प्रत्येकाने सुरुवातीलाच सांगितले. खेळाडू मध्यरेषेवर उभे होते. इरफानने दोनदा बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. मुख्य पाहुण्यांनी चेंडूला पाय लावून फोटो काढला, तेव्हा पंचांनी बाबारावांना सांगितले, "साहेब, आता गोलपोस्टबी दिसून नाही राह्यला."

बाबारावांनी दोन्ही संघांना संयुक्त विजेते जाहीर केले. सामनावीराचा चषक इरफानला मिळाला.

करीमभाईंनी चषक उलटसुलट करून पाहिला. "तू खेळला कधी?"

"नाही खेळलो, अब्बा."

"मंग हे कायचं?"

"निरोपाचा सामना रंगला" ही बातमी मी काम करतो त्या दैनिकात सामन्याआधीच लागून तयार होती. ती तशीच छापून आली.

मार्चपासून इरफान यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. रविवारी तिथल्या कामगारांचे दोन संघ मोकळ्या प्लॉटवर खेळतात. मागच्या रविवारी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळला. गोल झाला नाही. करीमभाई सकाळच्या एसटीने आले होते. ते गोलपोस्टमागे विटांच्या थप्पीवर बसून होते.