मॅडमनी अडवलेली सही

प्रा. मार्था कसबे यांची आणि माझी पहिली भेट चुकीच्या खोलीत झाली. चूक अर्थात माझी. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. तिसगावच्या माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवत होतो आणि बिनपगारी रजा घेऊन नगरला एम. ए. मराठी करायला आलो होतो. पहिल्याच दिवशी खोली अकरामध्ये जाऊन बसलो. मॅडमनी फळ्यावर 'चिन्ह' एवढा एकच शब्द लिहिला आणि पाऊण तास त्याच्यावरच बोलल्या. कुठे अभंग नाही, कवितेची ओळ नाही. मला वाटलं, प्रस्तावना चालली असेल. तास संपल्यावर समजलं की हा भाषाविज्ञानाचा वर्ग. मराठीवाले वरच्या मजल्यावर. मी मान खाली घालून वह्या आवरू लागलो, तेव्हा त्यांनी विचारलं,

"चुकून आलात का?"

"हो, मॅडम."

"मग बसा. मीही या विषयात चुकूनच आले."

वर्गात माझ्यासकट चार विद्यार्थी. उठून जायची लाज वाटली म्हणून बसलो, तो दोन वर्षं बसूनच राहिलो.

गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला मॅडमच्या विद्वत्तेवर लिहायला सांगितलं आहे आणि माझी पंचाईत केली आहे. बोधनिष्ठ चिन्हमीमांसा हा मॅडमचा आवडता विषय. माणूस खुणांना अर्थ कसा लावतो, तो लावताना त्याच्या मनात काय घडतं, असं काहीतरी ते आहे. 'काहीतरी' म्हणतो, कारण पदवी मिळाली तरी माझा गोंधळ मिटलेला नाही. पुस्तकं इंग्रजीत, तीही पुण्याहून आणलेल्या फिकट झेरॉक्समध्ये. मॅडम प्रत्येक प्रकरणाचा मराठी गोषवारा स्वतःच्या हातानं लिहून आम्हाला देत. एका गोषवाऱ्यात मधेच लिहिलेलं होतं, 'हा परिच्छेद मला कळलेला नाही. आपणांस कळल्यास कृपया सांगावे.' शिक्षकांनी असं लिहिलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला तेव्हा काळजीच वाटली. यांनाच कळत नाही, तर आपलं कसं व्हायचं?

दुसऱ्या वर्षी लघुप्रबंध लिहायचा होता. माझी थोरली आत्या, भागूआत्या, जन्मापासून ऐकू-बोलू शकत नव्हती. लग्न झालं नाही. ती आमच्याकडेच असे. तिचे घरातले सगळे व्यवहार हातवाऱ्यांवरच चालत. तिच्या खुणांवर लिहायचं मी ठरवलं. मॅडमनी हा विषय ऐकला आणि त्यांचा चेहरा उजळला. मीही जोरात कामाला लागलो. आत्याच्या नव्वद खुणा वहीत उतरवल्या, त्यांच्यापुढे सहा रकाने आखले. आई, वडील, दोघे भाऊ, वहिनी आणि शेजारच्या काकू, एकेकाला खूण करून दाखवायची, अर्थ विचारायचा आणि ज्या अर्थाला जास्त मतं तो पक्का करायचा. ग्रामपंचायतीच्या गावात वाढलेला माणूस दुसरं काय करणार! एका खुणेवर तर सहाच्या सहा मतं पडली. मूठ छातीला दोनदा लावून हात जमिनीकडे नेला की 'भूक'. ती बिनविरोध निवडून आली याचा मला भारी अभिमान वाटला होता.

घाईला कारण होतं. जूनपासून आमच्या संस्थेचं कनिष्ठ महाविद्यालय सुरू होणार होतं. पदवी हातात असेल तर तिथली जागा तुमची, असं मुख्याध्यापकांनी मला तोंडी सांगितलं होतं. त्यासाठी मार्चअखेर प्रबंधावर मॅडमची सही हवी होती. मी टंकलिखित प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती शांतपणे शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं,

"यात आत्यांचा रकाना कुठे आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. "मॅडम, आत्याला बोलता येत नाही."

"म्हणूनच विचारते."

त्यांनी सही केली नाही. पुढच्या बाजारच्या दिवशी एसटीनं त्या स्वतः तिसगावला आल्या. घरी धावपळ उडाली. आईनं शेजारून खुर्ची मागून आणली, चहा ठेवला. आत्या ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. थोड्या वेळानं तिनं मूठ छातीला दोनदा लावली आणि हात जमिनीकडे नेला. आई उठली, भाकरी-चटणी घेऊन आली. आत्यानं भाकरी घेतली, मोडली आणि शेळीपुढे टाकली.

"रोज असंच होतं का?" मॅडमनी विचारलं.

"व्हय बाई. वन्संना भूक लई. दिसातून चारपाचदा मागत्यात आन् निम्मी शेळीलाच घालत्यात."

तासाभरानं आत्यानं पुन्हा तीच खूण केली. आई उठायच्या आत मॅडम खुर्चीवरून उठल्या आणि ओट्यावर, आत्याला लागून, खाली बसल्या. आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. मग आपल्या सुपातल्या निम्म्या शेंगा त्यांच्या पदरात ओतल्या. दोघी दुपार कलेपर्यंत शेंगा फोडत होत्या. ती खूण पुन्हा झाली नाही.

मी पुरता गोंधळलो. एसटीच्या थांब्यावर मॅडमना विचारलं, "मग आता 'भूक' खोडून 'जवळ बस' असं लिहू का?"

"मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "एका दुपारीत काय कळणार? तुम्ही बसून बघा."

घरी आलो तर आई चुलीपुढे डोळे पुसत होती. "लगीन हून आले तवापास्नं मी त्यांना भाकरीच देत हुते की रं," ती म्हणाली. "कामाच्या रगाड्यात कुनी बसलंच न्हाई त्यांच्यापाशी."

मी चार महिने आत्याजवळ बसलो. नवा प्रबंध पहिल्याच्या निम्मा भरला. त्यात तेवीस खुणांपुढे 'अर्थ कळला नाही' असं लिहिलं होतं. मॅडमनी तो वाचला आणि तिथल्या तिथे सही केली. एव्हाना जून उलटला होता. कनिष्ठ महाविद्यालयातली जागा दुसऱ्या उमेदवाराला गेली आणि मी माध्यमिकच्या वर्गांवरच निवृत्त झालो.

गौरवलेखात लिहू नये, पण लिहितो. मला मॅडमचा फार राग आला होता. दोन वर्षं मी त्यांना साधं पत्रही टाकलं नाही. पुढे मुख्याध्यापक निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या तोंडून कळलं की त्या मे महिन्यात मॅडम उन्हातान्हात दोनदा संस्थेच्या कार्यालयात येऊन गेल्या होत्या. 'मुलाचं काम खरं आहे, दिवाळीपर्यंत थांबा,' अशी त्यांनी विनंती केली होती. संस्थेनं ती मानली नाही. मॅडमनी यातलं एक अक्षर मला सांगितलं नव्हतं. मी त्याच दिवशी नगर गाठलं आणि त्यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी नेहमीसारखं 'या, बसा' म्हटलं आणि चहा टाकला. माफी मागायची राहिली, ती आज इथे मागतो.

मॅडमनी तुमचं नुकसान केलं का, असं कुणी विचारलं तर मी हो म्हणेन. उपकार केले का, याचंही उत्तर हो. ही दोन उत्तरं एकत्र कशी बसवायची, हे मला आजतागायत जमलेलं नाही.

एवढं मात्र ठाऊक आहे. त्या वर्षापासून आमच्या घरात संध्याकाळी कुणी ना कुणी ओट्यावर बसू लागलं. कधी आई, कधी वहिनी, सुट्टीच्या दिवशी मी. आत्या त्यानंतर अकरा वर्षं जगली. गेली तेव्हा आई तिचा हात हातात घेऊन शेजारी बसलेली होती आणि आम्ही सगळे भोवती होतो. जन्मभर जिला सहा जणांचं बहुमत मिळालं, तिला शेवटी तिची माणसं मिळाली.

कसबे मॅडमना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, त्यांची दृष्टी अशीच तीक्ष्ण राहो, आणि अजून पुष्कळ विद्यार्थ्यांचे प्रबंध त्यांनी सही न करता परत पाठवावेत.