नैवेद्याचा दुधी कडू निघाला तेव्हा

मागच्या पंधरवड्यातल्या बुधवारी घरात आलं ते असं... मावा पाव किलो, शंभर रुपये. साखर एक किलो, शेहेचाळीस. वेलचीची पुडी, वीस. आणि दुधी भोपळा एक, कोवळा, हातभर लांब... किंमत शून्य.

शेजारच्या तिवारी भाभींच्या अंगणात आपोआप उगवलेल्या वेलाचं ते पहिलं फळ. फुकटचा दुधी आणि दुसऱ्या दिवशी गुरुवार, म्हणजे दत्ताच्या नैवेद्याला हलवा ठरलेलाच.

आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक चाखत नाहीत. पिपलानीच्या या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये सून म्हणून आले तेव्हापासून सासूबाईंची ही शिस्त आहे, आणि मला ती मनापासून पटते. देवाच्या आधी आपली जीभ कशाला? मीठ, साखर सगळं हाताच्या अंदाजाने... आणि माझा अंदाज चुकत नाही, हे इथे बिनधास्त लिहिते.

एरवी दुधी चिरला की एक फोड तोंडात टाकायची, ही माझी माहेरची सवय. त्या गुरुवारी फोडही टाकली नाही... नैवेद्याचा ना तो.

दुपारी कारखान्याचा भोंगा झाला आणि हे स्कूटरवरून जेवायला आले. आरती झाली. सासूबाई सकाळपासून उपाशी, म्हणून पहिली वाटी त्यांना. दुधी भाभींचा, म्हणून त्यांनाही बोलावलं होतं.

यांनी एक चमचा तोंडात घातला आणि थांबले. मग गिळला, वर गटागटा पाणी प्यायले. भाभींनीही एकच चमचा खाल्ला आणि बाकीचं घरी जाऊन खाईन म्हणत वाटीवर पदर घेतला. मला वाटलं, तूप जास्त झालं असेल...

सासूबाई मात्र चमच्यामागून चमचा खात होत्या. ऐंशी ओलांडलेल्या बाईला इतकं आवडीने खाताना बघून बरं वाटलं. छान झालाय म्हणाल्या, म्हणून मी त्यांच्या वाटीत आणखी घातला आणि मग माझा पहिला घास घेतला.

कारलं, मेथी, कडुनिंब... सगळं खाल्लेली बाई आहे मी. हे तसलं नव्हतं. साखर, मावा, वेलची, सगळ्याच्या आतून कडू वर आलं.

मी म्हटलं, कोणी खाऊ नका, हलवा कडू आहे. हे म्हणाले, मलाही लागला, पण प्रसादाला नाव कसं ठेवायचं... भाभी हळूच म्हणाल्या, "हमने सोचा, दीदी, आपके यहाँ ऐसा ही बनता होगा."

सासूबाईंना काही पटेना. त्यांना कडू लागतच नव्हता. आणि लागला तरी काय, कडू ते औषध, प्रसाद टाकायचा नसतो, असं म्हणून त्यांनी पुढचा चमचा भरला. हेही म्हणाले, खाऊ दे गं, आईचं मन कशाला मोडतेस.

आमची लेक मुक्ता पुण्याला अन्न तपासणाऱ्या लॅबमध्ये नोकरीला आहे. तिला फोन लावला. दुधी कडू निघाला एवढंच म्हणाले, तर तिने मला तिथेच तोडलं.

"आई, आजीच्या हातातली वाटी आधी काढून घे. मग बोल."

मी घेतली काढून. सासूबाईंच्या हातातली वस्तू ओढून घ्यायची ही पहिलीच वेळ, आणि तीही प्रसादाची. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. "देवाचं खाऊ देत नाहीस. बघेल तो."

तासाभरात त्यांना उलट्या सुरू झाल्या, हातपाय गार पडले. हॉस्पिटलमध्ये नेलं, सलाईन लावलं. रक्तदाब फारच खाली गेला होता. वाटी संपली असती तर या वयात काही सांगता आलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

दत्तगुरूंची कृपा, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या चालत घरात आल्या.

मुक्ताने मग नीट समजावलं. दुधी, काकडी, दोडका या कुळात कुकरबिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. एरवी नसल्यासारखंच, पण एखाद्या वेलात, विशेषतः आपोआप उगवलेल्या, भरपूर उतरतं. शिजवून ते जात नाही, आणि साखर घातल्याने विष कमी होत नाही.

आपल्या जिभेवर कडू ओळखणारे रिसेप्टर असतात म्हणे. मी त्यांना राखणदार म्हणते. कडू द्रव्य त्यांना भिडलं की ते मेंदूला सांगतात, थुंक. वय झालं, बरीच औषधं सुरू असली, की हे राखणदार पेंगायला लागतात. सासूबाईंचे पेंगले होते... आमचे तर जागे होते, पण प्रसादापुढे आम्हीच त्यांना गप्प बसवलं.

मी विचारलं, मग कारल्या-मेथीचं काय? ती म्हणाली, ते जन्माचेच कडू. जे मुळात कडू नसतं ते कडू लागलं, की टाकायचं. उरलेला हलवा गाईलाही घालू नको म्हणाली, म्हणून मागे खड्डा करून पुरला. शंभराचा मावा होता आत... पण हात अडला नाही.

परवाच्या गुरुवारी पुन्हा दुधी आणला, सोनागिरीच्या बाजारातून. विळीवर धरला आणि अडून बसले. चाखावा तर शिस्त मोडते, न चाखावा तर मन धजत नाही.

सासूबाई आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. त्या उठून आल्या, शेजारी पाट ओढून बसल्या. "कच्ची आहे तोवर ती भाजी. गॅसवर चढली की नैवेद्य. चाख."

मग त्यांनीही हात पुढे केला. मी एक फोड दिली. त्यांनी ती बराच वेळ चघळली...

"मला काही कळत नाही गं आता. तू सांग."

मी सांगितलं, गोड आहे.

प्रसाद नाकारायचा नाही, हे मी आजही मानते. पण कडू कळणारी जीभही देवानेच दिली आहे, आणि तिचं ऐकणं म्हणजे त्याचंच ऐकणं, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही. तुमच्याकडे नैवेद्याचा दुधी, काकडी कोण चाखतं, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना अजून कडू कळतं का... आजच विचारून बघा आणि मला उलट टपाली कळवा.