सतरा वर्षांनी गायन पार्टीसोबत: राळेगाव, कळंब, पुसद

फोन आला तेव्हा मी परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होते. नाशिकच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी नोकरी करते. तिथे मोठ्याने बोलायला मनाई आहे, आणि सुखदेवदादा फोनवर हळू कधी बोललेलाच नाही.

"रेखा, मोकळी हायेस का वं? दिवाळीनंतर तीन प्रोग्राम हायेत, समदे दिवसाचे. मनीषाले सातवा लागला, डॉक्टरनं गाडीतून फिरू नोको म्हणलं. येतं का तू?"

"येते," मी म्हणाले. तारीखसुद्धा विचारली नाही. समोर अभ्यास करणाऱ्या मुलाने तोंडावर बोट ठेवून मलाच गप्प केलं.

सुखदेवदादा यवतमाळचा पेटीवाला. वय आता साठीच्या पुढे. त्याची गायन पार्टी लग्न, नामकरण, वास्तू, पुण्यानुमोदन, सेवानिवृत्ती, बुद्धविहाराचा वर्धापनदिन, जिथे बोलावतील तिथे जाते. बाविसाव्या वर्षापासून तिसाव्या वर्षापर्यंत मी या पार्टीची गायिका होते. मग मुलगा पोटात असताना "एक वर्ष थांबते" म्हणाले, पाठोपाठ नवऱ्याची नाशिकला बदली झाली, आणि ते एक वर्ष अजून संपलेलं नाही. आता मुलगा हॉस्टेलवर आहे. खरं सांगायचं तर मला तीन प्रोग्रामपुरतं जायचंच नव्हतं. नोकरी सोडून, यवतमाळला खोली घेऊन, पुन्हा दादाच्या पार्टीत कायमचं गायचं, असा माझा बेत होता. राजीनाम्याचा मजकूरही मनात तयार होता. नवरा, अशोक, एवढंच म्हणाला, "आधी गाऊन ये. राजीनामा काय, आल्यावरही लिहिता येईल." त्याचं हे शांत बोलणं मला अजिबात सोसत नाही. दादाकडे आता गाणाऱ्या मनीषाचं काय, हा प्रश्न मात्र तेव्हा त्यालाही पडला नाही आणि मलाही नाही.

ज्यांना या बाजूला यायचं आहे त्यांच्यासाठी: नाशिकहून रात्रीच्या रेल्वेने निघालात की सकाळी धामणगावला उतरता येतं. तिथून यवतमाळला एसटी. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे बसमध्ये बायकाच जास्त आणि गप्पाही त्यांच्याच. यवतमाळ बसस्टँडबाहेर तर्री-पोहे खा. तर्री वेगळी मागा, ते लोक तुमच्या तोंडाकडे न बघता ओततात. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते निम्मं तर्रीचं होतं आणि निम्मं समोर उभी असलेली दादाची पांढरी व्हॅन बघून आलेलं.

व्हॅन दिलीप चालवतो. दिलीप ढोलकवाला. मी पार्टी सोडली तेव्हा तो बारीक होता, आता व्हॅनच्या सीटमध्ये जेमतेम मावतो. मागे पेटी, ढोलक, दोन स्पीकर, आणि वायरचं एक भलंमोठं भेंडोळं. "मंडपवाला म्हणते वायर हाय, अन् तिथं गेलं की नसते," दादा म्हणाला. ही तक्रार मी सतरा वर्षांपूर्वी ऐकली होती, तशीच्या तशी. मला इतकं बरं वाटलं की मी टपरीवर चहा पिता पिता गुणगुणायलाच लागले.

पहिला प्रोग्राम राळेगाव तालुक्यातल्या एका गावात, पुण्यानुमोदनाचा. म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणीचा कार्यक्रम. यवतमाळहून निघालं की दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, ओट्या बांधून वेचणाऱ्या बाया, आणि मधल्या ओळींतून पिवळ्या फुलांची तूर. फोटो काढायला थांबायचं तर सकाळी दहाच्या आत थांबा, नंतर ऊन सगळं पांढरंफटक करून टाकतं. आम्ही थांबलो नाही. गाणाऱ्यांनी फोटोसाठी थांबायचं नसतं, यजमान वाट बघत असतात आणि पोहोचल्यावर आपण त्यांची दोन तास वाट बघतो.

मंडपात बसल्यावर दादाने विचारलं, "कितीत लावू?"

गाणाऱ्या माणसाला हा प्रश्न म्हणजे कोणी जुन्या नावाने हाक मारावी तसा असतो. पेटीच्या कोणत्या पट्टीला आपण सा मानून गातो, ते प्रत्येकाचं ठरलेलं असतं. बायकांत काळी पाच म्हणजे उंच आवाज. माझी काळी पाच. एकेकाळी लोक मला त्याच नावाने ओळखायचे.

"काळी पाच," मी म्हणाले. दादाने मान हलवली, भाता हलवला आणि त्याचं बोट पाचव्या काळ्या पट्टीवर गेलं. मी डोळ्यांनी बघितलं. दिलीपने हातोडीने ढोलक लावली. आणि मी गायले.

गायले म्हणजे काय, वरच्या सा ला आवाज अलगद जाऊन बसला. भाषणं झाली, मधे आणखी दोन गाणी, पुन्हा भाषणं. गेलेल्या आजीबाईंचं नाव दादाने हातावर लिहून ठेवलं होतं, कारण पुण्यानुमोदनात नाव चुकलं तर त्या गावात पुन्हा जायची सोय राहत नाही. जेवायला रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. आम्हाला नेहमीप्रमाणे शेवटच्या पंगतीत बसवलं. वाढणारी बाई माझ्यासमोर थबकली. "तुमीच त्या रेखाबाई ना? माह्या लग्नात गायल्या होत्या तुमी. अजूनबी तसाच आवाज हाय बाप्पा." मी चौथा रोडगा घेतला. राजीनामा त्या पंगतीतच पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी कळंब. यवतमाळपासून जवळ, बस सारख्या असतात. इथल्या चिंतामणी गणपतीचं देऊळ जमिनीच्या पोटात आहे. पायऱ्या उतरून खाली जायचं, गारवा लागतो. मी बौद्ध घरातली, देवदर्शनाची सवय नाही, पण जुनं दगडी बांधकाम दिसलं की मला आत डोकावल्याशिवाय राहवत नाही. दादा आणि दिलीप वर चहाच्या टपरीवर वाद्यं राखत बसले.

प्रोग्राम एका शेतकरी कुटुंबाच्या नव्या घराच्या वास्तूचा होता. पूजा आटपेपर्यंत आम्ही गोठ्याशेजारी सतरंजीवर बसून होतो. दादा खडीसाखर चघळत फोन घेत होता. कोणाला हळदीला फक्त पेटी हवी होती, कोणाला "मोबाईलवर कराओके लावून गाता का" हवं होतं. "नाई जमत भाऊ," तो प्रत्येकाला सारख्याच गोडव्याने सांगत होता, आणि फोन ठेवल्यावर पेटीवरची धूळ उगीचच पुसत होता. पूर्वी या महिन्यात त्याची वही भरलेली असायची. या खेपेला त्याने वही काढलीच नाही, तारखा तोंडपाठ होत्या. मी ते बघितलं आणि तरी मला वाटत होतं की मी आले म्हणजे पुन्हा सगळं सुरू होईल. हसू नका.

घरमालकाच्या आईने पाळण्याचं गाणं मागितलं, सुनेने सिनेमातलं, मालकाने देशभक्तीचं. मी सगळी गायले, काळी पाचमध्ये. दादाचा हात मी मधून मधून बघत होते. त्याच पट्टीवर. रस्त्यात मी दिलीपला म्हणाले, "बघितलं? सतरा वर्षं गप्प राहून आवाज उलट ताजा राहिला." दिलीप आरशात दादाकडे बघत म्हणाला, "हो ना ताई." दादाने काच खाली केली.

तिसरा दिवस पुसदचा. यवतमाळहून दारव्हा, दिग्रस करत जावं लागतं, तीन तास धरून चाला. दिग्रसच्या पुढे सागाचं जंगल आणि वळणं लागतात. पोटाचा भरवसा नसेल तर पुढच्या सीटवर बसा. पुसदचा बाजार मोठा आहे, तिथे मी उगीचच एक साडी घेतली, यवतमाळला राहायला येईन तेव्हा प्रोग्रामला नेसायची म्हणून.

मंगल कार्यालयात एसटीच्या एका ड्रायव्हरची सेवानिवृत्ती होती. राठोडकाका कोऱ्या सफारीत घामाघूम बसले होते आणि येईल तो त्यांना हार घालत होता. पहिल्या रांगेत मनीषा होती. तिचं सासर पुसदचंच, म्हणून नुसती ऐकायला आली होती. आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो. तिने वाकायचा प्रयत्न केला, मी तिला खुर्चीत बसवलं. माझी चार गाणी झाली आणि लोक ओरडायला लागले, मनीषाताईचं एक होऊ द्या. ती नाही नाही म्हणत उठली.

दादाने तिला काही विचारलं नाही. त्याचा डावा हात पेटीच्या बाजूला गेला, तिथला खटका त्याने दाबला आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची सगळी रांग उजवीकडे सरकवली. एक, दोन, तीन घरं. दिलीपने हातोडी उचलून ढोलक चढवली. दादाचं बोट पुन्हा पाचव्या काळ्या पट्टीवर गेलं, आणि पेटीतून जो सा आला तो माझ्या ओळखीचा होता. तीन दिवसांत तो मी एकदाही ऐकला नव्हता.

ज्यांना पेटी माहीत नाही त्यांना सांगते. अशी पेटी आत्ता आत्ता सगळीकडे झाली आहे, माझ्या वेळी दादाकडे साधी होती. हिचे सूर आत जागच्या जागी असतात आणि वरच्या पट्ट्या सरकतात. वाजवणाऱ्याची बोटं तिथेच दिसतात, सूर मात्र वर किंवा खाली जातो. मी तीन दिवस दादाची बोटं बघत होते, आणि गात होते तीन घरं खाली. खरी काळी पाच मनीषा गात होती, आणि काय गात होती! आवाजात जराही ताण नाही, पोट सांभाळत उभी राहून.

गाणं संपल्यावर ती माझ्या शेजारी येऊन बसली. दम लागला होता. हळूच म्हणाली, "ताई, घरचे म्हणून राह्यले का आता बस झालं गाणं. मी म्हणलं, वर्षभर थांबतो फक्त. तुमी पोराच्या टायमाले किती दिवस थांबल्या होत्या?"

"एक वर्ष," मी म्हणाले.

"मंग लगेच सुरू केलं?"

तेवढ्यात राठोडकाका भाषणाला उभे राहिले आणि रडायलाच लागले, त्यामुळे मला उत्तर द्यावं लागलं नाही. पण बाजारातून घेतलेली साडी मांडीवरच्या पिशवीत होती. त्या साडीत मी जिच्या जागेवर उभी राहणार होते, ती माझ्या शेजारी बसून लिंबूपाणी पीत होती.

जेवणं चालू असताना मी दादाला व्हॅनपाशी गाठलं.

"पहिल्या दिवसापासून?"

त्याला कळलं. "तू टपरीवर गुणगुणली ना, तवाच समजलं मले. वर जाताना आवाज फाटून राह्यला होता."

"अन् दिलीपलेबी माहीत?" रागात माझी नाशिकची भाषा कुठल्या कुठे गेली होती. "बोलले काहून नाई तुमी?"

"सांगतलं असतं तं गायली असती का तू?" दादा भाताचा घास हातात धरून तसाच उभा राहिला. "सतरा वर्षांनं आली. दारातूनच वापस धाडू का तुले?"

मला ओरडायचं होतं. मी त्याच्या ताटातला पापड उचलून खाल्ला आणि व्हॅनमध्ये जाऊन बसले. परतताना दिग्रसच्या जंगलात वळणांवर मागची पेटी जरा जरा सरकत होती, आणि दर वेळी दादा मागे हात करून तिला धरत होता.

घरी येऊन आता तीन आठवडे झाले. अशोकने राजीनाम्याबद्दल विचारलं नाही, मी लिहिला नाही. साडी कपाटात आहे. रोज सकाळी अशोक फिरायला गेला की मी मोबाईलवर तंबोरा लावून काळी पाच धरून बघते. वर जाता जाता आवाज फाटतो. मग तीन घरं खाली लावते, आणि आवाज बसतो, राळेगावला बसला होता तसाच. वाईट कशाचं वाटतं ते मी पुष्कळ तपासलं. आवाज उतरला याचं वाटतंच. पण त्याहून जास्त याचं, की त्या तीन दिवसांत मी जेवढी सुखात होते तेवढी गेल्या सतरा वर्षांत नव्हते, आणि ते सुख दुसऱ्याच कोणाच्या तरी हातात होतं. मला ते पुन्हा हवं आहे. या वेळी माझ्या हातात.

काल रविवारी मीच फोन लावला. मनीषा परत येईपर्यंत महिन्याचे दोन रविवार मी येईन, ती आली की माझं येणं बंद, आणि ती येईल यावर तिच्या घरच्यांशी तुम्ही बोलायचं, असं सगळं एका दमात सांगून टाकलं. दादा हो हो म्हणत होता.

"अन् दादा, खटका माह्यासमोर दाबायचा. पट्ट्या माह्यासमोर सरकवायच्या."

पलीकडे पेटीचा भाता एकदा उघडून मिटल्याचा आवाज आला.

"मंग रडशील ना तू."

"रडीन," मी म्हणाले. "तुमी वाजवत राह्यजा."