आक्काच्या ट्रॅक्टरमागं मूर्ती

आमच्या गावच्या विहारात बुद्धांची दगडी मूर्ती बसवायचं ठरलं, तेव्हा ती ओढून आणायचं काम माझ्या थोरल्या बहिणीकडं येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. घडवणाऱ्यांनी मूर्ती ट्रकनं परभणीपर्यंत पोचवली. पुढं यायला ट्रकवाला तयार होईना. आमचं गाव गंगाखेडच्या अलीकडं, सडकेपासून तीन किलोमीटर आत. मधल्या ओढ्यावरचा पूल इतका अरुंद की समोरून बैलगाडी आली तर मोटारसायकलवाल्याला मागं सरावं लागतं. म्हणून मूर्ती परभणीत उतरवायची आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून न्यायची असं विहाराच्या समितीनं ठरवलं. गावातले बाकीचे ट्रॅक्टर तेव्हा कारखान्याच्या उसाला लागलेले होते. मोकळा होता तो आक्काचा.

आक्काचा म्हणजे खरं तर दाजींचा. काही वर्षांपूर्वी चिखलात फसलेली एकाची ट्रॉली ओढून काढायला दाजी गेले होते. घाईत त्यांनी साखळी ट्रॅक्टरच्या खालच्या हुकाला न लावता वरच्या दांड्याला बांधली. जोर लावल्याबरोबर ट्रॅक्टरचं तोंड घोड्यासारखं उचललं आणि दाजी खाली फेकले गेले. जीव वाचला, पण मांडीचं हाड असं मोडलं की क्लच दाबायचा पाय कायमचा गेला. ट्रॅक्टर महिनाभर गोठ्यापाशी उभा राहिला. मग एके दिवशी आक्का त्यावर चढली. दाजी खाटेवरून सांगायचे आणि ती शेतातल्या आखाड्यावर गोल गोल फिरवायची. मी परभणीच्या कचेरीत कारकून. फोनवर हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, चार दिवसांचा नाद असेल.

मूर्ती आली त्या शनिवारी आक्का रिकामी ट्रॉली घेऊन परभणीला आली. समितीचे अध्यक्ष, आमचे निवृत्त गुरुजी, आदल्या दिवसापासूनच माझ्या घरी मुक्कामाला होते. रविवारी सकाळी मूर्ती गावात येणार म्हणून त्यांनी आजूबाजूच्या पाच-सहा वाड्यांना निरोप दिले होते. क्रेन सांगून ठेवलेली होती. पण आक्का क्रेनपाशी आलीच नाही. तिनं ट्रॅक्टर सरळ स्टेशनच्या मागच्या गल्लीत, एका म्हाताऱ्या फिटरच्या दुकानापुढं नेऊन लावला. त्यांना सगळे चाचा म्हणतात. मी रिक्षानं तिथं पोचले तर चाचा ट्रॅक्टरच्या मागं उकिडवे बसलेले होते.

ट्रॉलीच्या पुढच्या दांडीला टोकाशी लोखंडी कडं असतं. ते ट्रॅक्टरच्या हुकात बसवायचं आणि वरून एक पिन घालायची, एवढ्यावर सगळं ओझं ओढलं जातं. जन्मभर ट्रॉल्या बघत आले, पण तो जोड मी पहिल्यांदा वाकून बघितला तो त्या दिवशी. चाचांनी पिन काढून हातात घेतली.

"ही पिन न्हाई बाई, हा बोल्ट हाय," ते म्हणाले. "ह्याला आटे हायेत. आट्याच्या खाचेतच लोखंड तुटतं. कुणी घातला?"

"मीच," आक्का म्हणाली. "जुनी पिन हरवली गेल्या महिन्यात. शेणखत वाहायला चालून गेला."

"खताला चालतो. दगडाला कसा चालंल?"

मग त्यांनी तिचं बोट धरून कड्याच्या भोकातून फिरवलं. भोक गोल राहिलेलं नव्हतं. रोजच्या हिसक्यांनी झिजून ते अंड्यासारखं लांबट झालं होतं आणि एका बाजूला लोखंड पातळ पडलं होतं. नवी पिन घातली तरी ती आत खेळणार, खेळली की धक्के बसणार, आणि प्रत्येक धक्क्याला वजन दुप्पट होऊन येणार, असं चाचा म्हणाले. कडं कापून वेल्डिंगनं नवं बसवायचं, जोड पूर्ण थंड होऊ द्यायचा, मगच ओझं लादायचं. म्हणजे रविवार गेला.

गुरुजी तिथं आले तेव्हा त्यांना हे सांगावं लागलं. ते शाळेत आम्हा दोघींचे शिक्षक होते. त्यांच्यापुढं आक्कानं कधी मान वर केलेली मी पाहिली नव्हती.

"लोकं उपाशी वाट बघत बसतील," गुरुजी म्हणाले. "इतके दिवस ह्याच कड्यावर ट्रॉली वढलीस ना? मग एक खेप."

"वढली गुरुजी. आजवर मला दिसलं न्हवतं, आता दिसलंय. मी नेणार न्हाई."

"मग दुसरा ट्रॅक्टर-ट्रॉली बघू."

"बघा. पर त्याचं बी कडं आंदी बघून घ्या."

गुरुजी निघून गेले. दुसरा ट्रॅक्टर मिळाला नाही, की त्यांनी शोधलाच नाही, हे मला आजही माहीत नाही. संध्याकाळी त्यांनी माझ्या घरून एकेका वाडीला फोन करून सोमवारचं सांगितलं. रविवारचा दिवस आक्कानं चाचांच्या दुकानापुढं ट्रॉलीच्या सावलीत बसून काढला. मी डबा घेऊन गेले. चाचांनी चार-पाच पिना समोर मांडल्या होत्या. ते एकेक पिन दोरीला टांगायचे, हातोडीनं हलकेच वाजवायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. एका पिनेचा आवाज बसका आला, ती त्यांनी बाजूला सारली. शेवटी निवडलेली पिन माझ्या अंगठ्यापेक्षा थोडी जाड होती. ती कड्यात घातल्यावर हलेना, पण हातानं फिरवता येई. खालच्या टोकाला क्लिप आली, म्हणजे उसळून वर निघायची भीती नाही. त्याशिवाय दोन साखळ्या. त्या दांडीच्या खालून फुलीसारख्या आडव्या नेऊन ट्रॅक्टरला लावल्या.

"फुली कशाला?" मी विचारलं.

"पिन दगा देईल तर दांडी भुईत घुसू न्हये," चाचा म्हणाले. "साखळीच्या झोळीत पडायची. तवर बाईला ट्रॅक्टर थांबवायला वखत मिळतो. अल्ला करो, गरज न पडो."

सोमवारी सकाळी क्रेननं मूर्ती उचलली. लाकडाच्या चौकटीत, गवतात आणि गोणपाटात गुंडाळलेली. तरी वर गेल्यावर तो आकार कळत होता, मांडी घातलेला, स्थिर. खालचे हमालसुद्धा बोलायचे थांबले. चाचा दुकान बंद करून आले होते. ट्रॉलीच्या फळीवर, चाकांच्या आसाच्या थोडं पुढं, त्यांनी खडूनं रेघ मारून ठेवली होती. वजन आसाच्या मागं गेलं तर ट्रॉली शेपटीवर बसते आणि दांडी ट्रॅक्टरला वर उचलू बघते. फार पुढं आलं तर सगळा भार हुकावर येतो. मूर्ती रेघेवर टेकली तशी ट्रॉली कण्हल्यासारखी वाजली आणि दांडी किंचित खाली दबून हुकावर बसली. चाचांनी वाकून बघितलं आणि मान डोलावली.

मी ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आक्काशेजारी बसले. गुरुजी मागून जीपमध्ये. वाटेतलं पिंगळी गाव येईपर्यंत आम्हाला सायकलीसुद्धा मागं टाकून गेल्या. आक्काची नजर रस्त्यावर होती. चढ आला की ती आधीच गिअर बदलायची, उतार आला की वरूनच बारका गिअर टाकायची आणि ब्रेकला जवळजवळ हात लावायची नाही, म्हणजे पाय. "मागचं वझं ढकलायलंय," एका उतारावर ती म्हणाली, "आपण त्याला ढकलू द्यायचं न्हाई." मी सारखी मागं वळून त्या जोडाकडं बघत होते. सगळा दगड, तेवढे लोकांचे निरोप, गुरुजींची एवढी वर्षांची धडपड, एका अंगठ्याएवढ्या लोखंडावरून चालली होती. ते लोखंड चकचकीत, मुकाट. मला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते वेगळंच होतं. देवळात लहानपणी आम्हाला कुणी जाऊ दिलं नव्हतं, त्यामुळं गाभाऱ्यात काय वाटतं ते मला ठाऊक नाही. पण कदाचित असंच काहीतरी वाटत असावं.

सडक सोडून गावाच्या वाटेला लागलो तेव्हा ऊन चढलं होतं. ओढ्याचा पूल आक्कानं बोटभर अंतर राखून पार केला. पलीकडं चढावर काळ्या मातीत अजून ओल होती, तिथं ट्रॅक्टरचं डावं चाक जागच्या जागी फिरायला लागलं. आक्कानं लगेच ॲक्सिलेटर सोडला आणि ब्रेक दाबला. ट्रॉली मागं ओढू पाहत होती. साखळ्या करकरल्या. मी उडी मारून चाकांमागं दगड लावले, जीपमधली माणसंही धावली.

शेजारच्या रानातून एक ओळखीचा शेतकरी आपला ट्रॅक्टर घेऊन आला. भला माणूस. त्यानं चटकन आपली साखळी काढली, एक टोक आमच्या ट्रॅक्टरला पुढं अडकवलं आणि दुसरं टोक आपल्या ट्रॅक्टरच्या वरच्या दांड्याला बांधायला लागला.

"भाऊ, तिथं न्हाई," आक्का वरून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "खालच्या हुकाला लावा."

"आक्का, एवढ्याला काय हुतंय? वरून जोर चांगला लागतो."

"जोर लागतो आन् तोंड उचलतं. खाली लावा. न्हाई तर मी उतरते आन् लावते, पर ब्रेकवरचा पाय मला काढता येईना."

तो थांबला. दाजींचं सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. त्यानं साखळी सोडली आणि वाकून खालच्या हुकात घातली. मग दोघांनी एकमेकांकडं बघत, एकाच वेळी, गोगलगायीच्या चालीनं ट्रॅक्टर पुढं घेतले. साखळी ताणली गेली. मला वाटलं, आता काहीतरी तुटणार. तुटलं काही नाही. चाकानं चिखलातून कोरडी जमीन धरली आणि ते अख्खं ओझं, न हिसकता, न डोलता, चढ चढून वर आलं. गुरुजी रस्त्याच्या कडेला उभे होते. त्यांनी हात जोडले होते. मूर्तीला की कुणाला, ते मी विचारलं नाही.

गावात शिरलो तर बाया पांढऱ्या साड्या नेसून दोन्ही बाजूंनी रांगा करून उभ्या होत्या. एक दिवस उशीर झाल्याचं कुणी बोललं नाही. विहारापुढं आक्कानं ट्रॅक्टर बंद केला तेव्हा इतकी शांतता झाली की इंजिन निवतानाचे टिकटिक आवाज ऐकू येत होते. दुपारभर तरण्या माणसांनी लाकडाचे ओंडके आणि दोर लावून मूर्ती सरकवत सरकवत ओट्यावर चढवली. गवत, गोणपाट निघालं. काळसर दगडाचा चेहरा दिसला. माझ्या शेजारी उभी असलेली एक आजी म्हणाली, "किती लांबून आले," आणि रडायला लागली.

सगळे वंदनेला बसले तेव्हा आक्का दिसेना. मी शोधत बाहेर आले. ती ट्रॉलीच्या मोकळ्या फळीवर, उरलेल्या गवतात आडवी झाली होती. ब्रेकवरचा तो उजवा पाय गवतावर लांब पसरून ती गाढ झोपलेली होती. दाजी काठी टेकत आले होते आणि तिच्या उशाशी बसून माश्या वारत होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. आतून वंदनेचे सूर येत होते. मीही तिथंच, त्यांच्या शेजारी बसले.