हँडलला लावलेला तारेचा आकडा

माझ्या सायकलीला दुकानदार डोंगरात चालवायची सायकल म्हणायचा. आमच्या काटेवाडीपासून इंदापूरपर्यंत डोंगर कुठला? कारखान्याबाहेरचा चिपाडांचा ढीग आणि कालव्याचा भराव, एवढाच काय तो आमचा सह्याद्री. पण नव्वदच्या दशकात जाड टायरची, गिअरची सायकल बारामतीच्या कॉलेजात नेली की पोरं अशी बघत, जणू मी हेलिकॉप्टर लिंबाला टेकवतोय.

तिला मडगार्ड, कॅरिअर, स्टँड यातलं काहीच नव्हतं. बाकी सायकलीला जे जे लावता येतं ते मी लावलं. मधल्या दांडीला पाण्याची बाटली, तिच्या खाली हातभर लांबीचा पंप. सीटखाली चामड्याची पिशवी. तिच्यात पाना, टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, सोल्युशनची ट्यूब, ठिगळं, कानशीचा तुकडा. उजवीकडे आरसा, डावीकडे भोंगा. तो भोंगा वाजवला की निमगावच्या म्हशी पान्हा चोरतात, असं मी सांगायचो. त्या पंपानं मी एकदा ट्रॅक्टरच्या टायरात हवा भरली, असंही सांगायचो. ट्रॅक्टर कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. त्यात माझी काय चूक?

वडिलांना आम्ही सगळेच दादा म्हणायचो. पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. सायकल त्यांनीच घेऊन दिली आणि वर म्हणायचे, "ही सायकल हाय का बाजाराला निघालेली बैलगाडी?" मग एका रविवारी त्यांनी स्वतःच एक वस्तू जोडली. जाड तार वाकवून आकडा केला आणि हँडलच्या मधोमध घट्ट आवळून बसवला.

"हे कशाला? पार रया गेली."

"आत्याकडं जातोस न्हवं? पिशवी काय दातात धरून नेणार?"

आत्या म्हणजे त्यांची धाकटी बहीण, अंथुर्ण्याच्या पुढं वस्तीवर राहायची. घरातलं कुणीही तिकडं निघालं की दादा पिशवी भरायचे. गवारी, शेवगा, काही नसलं तर उसाची कांडकी. मोकळ्या हातानं बहिणीच्या दारात माणूस पाठवायचा नाही, हा त्यांचा कायदा. मला ती पिशवी नको व्हायची. ब्रेकच्या तारेत अडकायची आणि भर रस्त्यात माझी हवा जायची.

दादा एका पहाटे गेले. छातीत कळ आली म्हणाले, उठून बसले आणि तसेच कलंडले. पाण्याचा घोटसुद्धा पोटात गेला नाही.

उजाडल्यावर घर माणसांनी भरलं. आईभोवती बायका, ओट्यावर पुरुष. मी परसात सायकल पुसत बसलो होतो. आरसा पुसला, भोंगा पुसला, स्पोक एकेक करून पुसले. रडू येईल म्हणून वाट बघत होतो. ते आमच्या एस.टी.सारखं निघालं; येणार येणार म्हणतात, पण येत नाही.

शेजारचे आबा मागं येऊन उभे राहिले. "ह्याचा थोरला भाऊ हाय की हितं सगळं बघायला. ह्याला काढा बाहेर, न्हायतर सायकलीचा रंग उडवील ह्यो."

मग मला आत्याला आणायला पाठवायचं ठरलं. आमच्या वस्तीतली एकुलती मोटारसायकल चुलत्यांना आणायला सुप्याला गेली होती. सकाळची एस.टी. चुकली होती. अंथुर्ण्यात फोन होता, पण असला निरोप फोनवर देत नसत.

"तिला खरं सांगायचं न्हाय," आबा म्हणाले. "म्हातारी गेली तवा खरं सांगितलं, तर तितंच अंगणात पडली. आईचं तोंड बघायचं राहिलं तिचं. तू एवढंच म्हण, दादाची तब्येत जरा जास्त हाय, चल. दुपारी माती हाय. तवर आण तिला."

मी निघालो. सायकल इतकी पळवली की कारखान्याच्या धुराला मागं टाकलं म्हणा. दोन्ही बाजूंना ऊस. 'दादा गेले' हे मी मोठ्यानं म्हणून बघितलं. कुठल्या तरी परक्या गावाचं नाव घेतल्यासारखं वाटलं. लासुर्ण्याच्या अलीकडं बाभळीचा काटा घुसला. खाली उतरलो, पट्ट्यांनी टायर उचकटलं, पाटाच्या पाण्यात ट्यूब बुडवली, बुडबुडे आले तिथं कानस घासली, सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत फुंकर घातली. पंचर असं निघालं की दुकानदारानं मला गादीवर बसवलं असतं. त्या सगळ्या वेळात मला कसलंच वाईट वाटलं नाही. हात चांगले चालत होते, एवढंच.

आत्या दारात तांदूळ निवडत होती. मला बघून हसली. मग तिची नजर हँडलवर गेली, आकड्यावर थांबली आणि तिथंच राहिली.

मी भडाभडा सुरू झालो. "दादांची तब्येत जरा जास्त हाय. तसं काय न्हाय. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या, वर ठेचा मागितला. डॉक्टरला म्हणाले, तूच झोप खाटेवर, मी तपासतो तुला. पण तुझी आठवण काढत्यात, म्हणून आलो."

"पिशवी न्हाय दिली?"

"घाई हुती."

"व्हय," ती म्हणाली. "घाई हुती."

सूप तसंच ठेवून ती आत गेली. मामा, म्हणजे आत्याचे मालक, शेतात होते, त्यांना निरोप ठेवला. बाहेर आली तेव्हा अंगावर पांढरं पातळ होतं. आमच्यात मातीला पांढरं नेसतात. मी पातळाकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. 

वस्तीपासून डांबरी रस्ता लांब होता. एवढ्या सामानात कॅरिअर तेवढं नव्हतं, म्हणून चालत निघालो. तिनं एक हात हँडलवर ठेवला आणि बोट त्या आकड्यात अडकवलं.

थोडं चालल्यावर म्हणाली, "मग? आनखी काय म्हणाला?"

"कोण?"

"माझा दादा. डॉक्टरला म्हणाला, त्याच्याम्होरं."

मग मी सांगत सुटलो. दादांनी डॉक्टरच्या गळ्यातली नळी काढून आपल्या कानाला लावली. नर्सला गवारीची भाजी कशी करायची ते शिकवलं. रस्त्याला लागेपर्यंत दादांनी अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला होता. आत्या मधूनच हसायची, पदर तोंडाला लावायची आणि म्हणायची, "मग?"

एस.टी.च्या टपावर सायकल चढवली. कंडक्टरनं पांढरं पातळ बघितलं आणि सामानाबद्दल काही बोलला नाही. बारामतीच्या दिशेनं तोंड करून आत्या बसली.  माझा गोष्टींचा साठा संपला होता.

घरी पोचलो तेव्हा तयारी झाली होती, फक्त तिची वाट बघत थांबले होते. बायका तिला धरायला धावल्या. तिला धरावं लागलं नाही. ती दादांजवळ बसली, तोंडावरून हात फिरवला, बराच वेळ बघत राहिली. मग मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "उपाशी न्हाय गेला माझा दादा. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या, ठेचा मागून घेतला. ह्यानं सांगितलं मला."

 थोरल्या भावानं ओट्यावरून माझ्याकडं बघितलं. आबांनी खाली बघितलं.

आई कोपऱ्यात बसली होती. सकाळपासून तिच्या तोंडून शब्द निघाला नव्हता.

"दोन न्हाय," ती म्हणाली. "दीड. अर्धी ह्याच्यासाठी ठिवली."

मी मान हलवली. सायकल भिंतीला टेकवली आणि न्हाणीत जाऊन हात धुतले, साबणानं, दोनदा. तरी बोटांना सोल्युशनचा वास येत राहिला.