सरळ रेघेतलं पोक

दुरुस्तीच्या त्या कारखान्यात तिला सगळे रेघमावशी म्हणत. जुन्या बोर्डांवरून काढलेले सुटे भाग ऑसिलोस्कोपला लावून पाहायचे, हे तिचं काम. पडद्यावर नुसती आडवी रेघ असे. चांगला कपॅसिटर लावला की तिचा नीट गोल व्हायचा. बिघडलेला असला की गोल एका बाजूला कलंडायचा. एकोणीस वर्षांत तिने पास केलेला एकही भाग परत आला नव्हता. गेल्या महिन्यात तीन आले.

"स्कोपच म्हातारा झालाय," ती म्हणाली. "काही न लावताही रेघेला मधोमध पोक दिसतं."

मालक कुरकुरला. "तुम्ही सांगता म्हणून घेतो हं, बाई!" आणि नवा घेऊन आला.

वायर, प्रोब, प्लगची जागा, सगळं तिने आधीच बदलून पाहिलं होतं. आता नवा पडदा उजळला, रेघ उमटली. पोक होतंच.

"अरे, इकडे ये जरा," तिने शेजारच्या सोल्डरवाल्याला हाक मारली. "ही रेघ कशी दिसते?"

"सुतासारखी सरळ. का मावशी, नव्या नवरीलाही नावं ठेवायची का?"

"जा, तुझं काम बघ."

तिने नजर डावीकडे नेली. पोकही डावीकडे सरकलं. उजवा डोळा झाकला, मग डावा. कुठलाही डोळा झाकला तरी ते जाईना. मुलीच्या शिक्षणाची दोन वर्षं बाकी होती, आणि या कामाखेरीज तिला दुसरं काही येत नव्हतं.

तिने पहिला कपॅसिटर लावला. गोल कलंडलेला वाटला. खराबच्या डब्यात टाकला. दुसराही तसाच. शंका आली की टाक खराबमध्ये. निदान वाईट माल तरी पुढे जायला नको. दुपारपर्यंत तो डबा शिगोशीग भरला. चांगल्यांच्या डब्यात चारच होते.

मालक येऊन थांबला. "एवढे सगळे गेलेले?"

"हो."

"अख्खी खेपच भिकार दिसतेय."

त्याने स्टूल ओढलं, खराबमधला एक उचलून स्वतःच लावला. ती पडद्याकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्याने तो भाग सोडवला आणि गुपचूप चांगल्यांत ठेवला. मग दुसरा. मग तिसरा.

सहाव्यानंतर तो खाली बघूनच म्हणाला, "बाई, जरा उठता का?"

ती उठली.