साइन तीसचं उत्तर

दादा गेल्याचा फोन अकोल्याहून आला तेव्हा मी अमरावतीत, स्वयंपाकघरात होते. ऐकलं, फोन ठेवला... आणि लगेच उलटा लावला. विचारलं, नीट पाहिलं का? थोड्या वेळानं थेट वहिनीलाच लावला. ही खोड माझ्या या मोठ्या भावाचीच. तो कॉलेजात गणित शिकवायचा आणि भेटेल त्या गोष्टीवर संशय घ्यायचा. संत्री मोर्शीची आहेत म्हणे, पण कशावरून? डॉक्टर हसून बोलला तरी याला वाटे, काहीतरी लपवतोय. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलाची नोकरी खरी आहे का, हे बघायला हा गुपचूप त्याच्या ऑफिसात चक्कर मारून आला. भर मांडवात ते फुटलं. त्याचा राग मला अजून थोडा आहेच.

माझी मुलगी सई डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी गणितात नापास झाली. मैत्रिणींसारखा मोठ्या स्क्रीनचा, झगमगीत कॅल्क्युलेटर तिनं हौसेनं घेतला होता. पेपरात उत्तरं भलतीच यायला लागली, पोर घाबरली आणि बरोबर मांडलेली गणितंही खोडून आली. "मला गणित येतच नाही," एवढंच म्हणायची. तिचे बाबा म्हणाले, झेपत नसेल तर कॉलेजातून काढून घेऊ. दुसऱ्या दिवशी दादा एसटीनं हजर. पाणीसुद्धा न पिता म्हणाला,

"पोरीवर शक घेऊन राहिले सारे. मशीनवर काहून नाई घेतला?"

कॅल्क्युलेटर हातात घेऊन त्यानं साइन तीस दाबलं. उत्तर अर्धा यायला हवं. आलं वजा शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव आणि पुढे शेपूट. कोन अंशांऐवजी रेडियन या दुसऱ्याच मापात मोजला जात होता. केव्हातरी चुकून बटण दाबलं गेलं असणार, आणि त्या झगमगाटात खूण दिसतच नव्हती. सई मामाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मीही रडले, पण भाजी ढवळत.

मग नवा घ्यायला दुकान. दादानं दुकानदाराचा जीव खाल्ला. दोन अधिक तीन गुणिले चार दाबायचं. चौदा आले तर ठीक, वीस आले की बाजूला. कॉलेजात प्रोग्रामेबल, म्हणजे सूत्रं साठवून ठेवणारा, चालत नाही, म्हणून खोका उलटसुलट वाचला.

"सर, सारे हाच नेऊन राहिले," दुकानदार वैतागला.

"म्हणूनच शक येते मले."

शेवटी एक साधा, करडा निवडला. कारण एकच, अंशांची डी ही खूण त्याला चष्म्याशिवाय दिसली. "रोज आधी साइन तीस दाब, मंग अभ्यास," एवढं बजावून तो अकोल्याला परतला. फेरपरीक्षेत सई पास झाली. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसानं तिच्यावर मात्र एकदाही घेतला नव्हता. हे मला तो गेल्यावर कळतंय, आणि फार लागतंय.

परवा सई अभ्यासाला बसली. करडा कॅल्क्युलेटर काढून साइन तीस दाबलं. अर्धा आला. तिनं पुसून पुन्हा दाबलं.

"आलं ना बरोबर?" मी विचारलं.

"मामा दोनदा पाहायचे."

अकोल्याला मीही दोनदा फोन लावला होता. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं.